चोरीस, चीज आणि पोदेराची भट्टी

पावसाआधीच्या गोव्यात, म्हापशाच्या बाजारापासून एका स्वयंपाकघरापर्यंतची खमंग भटकंती

गोव्याला जायचं म्हटलं की मंडळी डिसेंबरवर बोट ठेवतात. नाताळ, समुद्र, रोषणाई! पण ज्यांना स्वयंपाकघराची आवड आहे, त्यांनी गोवा बघावा तो मे महिन्यात. ऊन रणरणतं, घामाच्या धारा लागतात, हे खरं. पण त्याच उन्हात गोव्याची घरं पावसाळ्याची बेगमी करत असतात. कुणाच्या अंगणात आमसुलं वाळताहेत, कुणाच्या गच्चीवर लाल मिरच्या पसरल्यात, कुठे सुक्या मासळीवर राखण करत म्हातारी बसली आहे. या बेगमीला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. शब्द मूळचा पोर्तुगीज, पण भावना अगदी आपली. पापड, कुरडया, सांडगे घालणाऱ्या आपल्या आई-आजीला पुरुमेंत समजावून सांगावं लागणार नाही. मेच्या अखेरीस पुरुमेंताच्या जत्राही भरतात आणि सुकी मासळी, मीठ, मिरची, कांदे यांची झुंबड उडते.

या बेगमीतला ख्रिस्ती घरांचा मानाचा पदार्थ म्हणजे ‘चोरीस’. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे मीठ, मिरची, लसूण आणि माडाच्या व्हिनेगरमध्ये मुरवून, आतड्याच्या पातळ नळीत भरून उन्हात वाळवलेले लाल मणी. पर्यटकांसाठी त्याचं नाव ‘गोवन सॉसेज’. भर पावसात मासेमारी बंद, बाजार ओस, बाहेर पडायची सोय नाही. अशा वेळी दोरीवरून चार मणी तोडायचे, कांदा-बटाट्याबरोबर शिजवायचे आणि गरम पावात भरून खायचे. घर तृप्त!

यंदा आम्ही उभयता याच चोरीसचा माग काढत बार्देशात आठ दिवस राहिलो. आणि त्या आठ दिवसांत लक्षात आलं, की हा पदार्थ एकट्या स्वयंपाकघराचा नाही. त्यामागे मिठागरातला, माडावरचा आणि भट्टीपुढचा असे तीन हात आहेत. चौथा हात घरच्या बाईचा.

शुक्रवारचा म्हापसा

म्हापशाला पोचणं आता सोपं झालंय. कोकण रेल्वे जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. तिच्या थिवी स्थानकावर उतरलं की म्हापसा रिक्षाच्या अंतरावर आहे. विमानानं येणाऱ्यांसाठी पेडणे तालुक्यातला मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आहे. वार मात्र शुक्रवारच धरायचा. बाजार रोजच असतो, पण आसपासच्या खेड्यांतल्या बायका घरचा माल घेऊन येतात त्या शुक्रवारी.

सकाळी आठच्या सुमारास शिरलं तर जरा श्वास घेता येतो. एका बाजूला मोयडेची जाडजूड केळी, पुढे मातीची भांडी, मग मिरच्यांचे ढीग. त्यात हरमलची मिरची वेगळी, काश्मिरी वेगळी. त्यापुढे नाकच वाट दाखवतं! आंबटसर, लसणीचा, थोडा धुरकट असा वास येतो आणि समोर लालभडक माळांचा पडदाच लागलेला दिसतो. लांबून वाटावं, फुलांच्या हारांचं दुकान आहे. जवळ गेलं की कळतं, हे चोरीस! दोऱ्यानं आवळून केलेले बोराएवढे, सुपारीएवढे मणी. ख्रिस्ती बायका प्रार्थनेला जपमाळ घेतात तशी ही माळ दिसते.

विकणाऱ्या बायका स्टुलावर बसून अखंड बोलत असतात. माल वजनावर कमी, मण्यांच्या मोजणीवर जास्त. घेताना काय बघायचं, ते आम्हाला एका आजींनीच शिकवलं. रंग फार भडक असेल तर संशय घ्यायचा; मिरचीचा खरा रंग वाळल्यावर तपकिरीकडे झुकतो. मणी दाबून बघायचा. अगदी दगड झाला असेल तर जुना, बोटाला ओल लागली तर कच्चा. आत मांसाचे आणि चरबीचे तुकडे वेगवेगळे जाणवले पाहिजेत. वास आंबट हवा, खवट नको. आणि शेवटचा प्रश्न: “घरचो?” या प्रश्नाला समोरची बाई कसं उत्तर देते, त्यावर माळ घ्यायची की नाही ते ठरतं.

जहाजातून आलेला, उन्हात बदललेला

पोर्तुगीजांनी गोवा जिंकला तो १५१० मध्ये. त्यांच्या देशात ‘शोरीसु’ नावाचं सॉसेज घरोघर होत असे आणि आजही होतं. डुकराचं मांस, लसूण, द्राक्षाची वाइन, लाल मिरचीची सौम्य पूड आणि चुलीवरचा धूर. ते नाव आणि ती रीत गोव्यात आली. पण इथे द्राक्षं कुठली आणि वाइन कुठली? इथे होते माड. म्हणून वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं. धुराच्या जोडीला कोकणचं कडक ऊन आलं. आणि सौम्य पुडीच्या जागी झणझणीत मिरची आली. ही मिरचीसुद्धा मूळची अमेरिकेची आणि पोर्तुगीजांच्याच जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्याकडे पोचलेली. जिच्यावाचून आज मराठी स्वयंपाकघराचं पान हलत नाही, ती आधी पाहुणी म्हणून आली होती, हे विसरायला होतं!

पोर्तुगालचा शोरीसु नुसता कापून ताटात घेता येतो. गोव्याचा चोरीस तसा खायचा नसतो. तो शिजवावाच लागतो. म्हणजे नाव तेच राहिलं, पण पदार्थ पुरता गोंयकार झाला.

पहिला हात मिठागराचा

चोरीसची सुरुवात मांसापासून होते, असं आम्हाला वाटत होतं. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आंटी म्हणाल्या, “न्हय गो बाय, सुरुवात मिठापासून.” म्हणून दुसऱ्या दिवशी म्हापशाहून शिवोलीमार्गे चोपडेचा पूल ओलांडून आगरवाड्याला गेलो. ‘आगर’ म्हणजे मिठागर. गावाच्या नावातच धंदा आहे.

सपाट, आरशासारखी चमकणारी खाचरं. भरतीचं पाणी बांधातल्या दारातून आत घेतात. ते एका खाचरातून दुसऱ्यात फिरवत, उन्हानं आटवत नेतात. शेवटच्या खाचराची जमीन चिखल तुडवून, चोपून घट्ट केलेली असते. तिथे पाणी इतकं खारट होतं की मिठाचे खडे आपोआप धरू लागतात. लांब दांड्याच्या लाकडी फळीनं ते ओढून बांधावर ढीग घालतात. पावसाची पहिली जोरदार सर आली की हंगाम संपला. त्यामुळे मेमध्ये तिथे एकच घाई असते.

या मिठाला इतिहासही आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता आणि शेजारच्या गोव्यात मीठ स्वस्त. ते चोरून सीमेपार जाई. तेव्हा १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर आणि विक्रीवर ब्रिटिशांचा ताबा आला. कित्येक मिठागरं बंद पडली. करार संपला १८९२ मध्ये. तोवर गोव्याच्या माणसाला आपल्याच समुद्राचं मीठ परवानगीनं घ्यावं लागत होतं. आज कराराची आडकाठी नाही, पण माणसं नाहीत. उन्हात पाय भाजत उभं राहण्याचं हे काम, आणि बाजारात पाकिटातलं पांढरंशुभ्र मीठ. पणजीहून रायबंदरकडे जाताना रस्त्यालगत पाण्याखाली गेलेली जुनी मिठागरं दिसतात, ती बघून वाईट वाटतं.

आंटींना खडे मीठच का लागतं? खडा हळूहळू विरघळतो आणि मांसातलं पाणी सावकाश ओढून घेतो. पाणी कमी झालं की कुजवणाऱ्या जंतूंना जगता येत नाही. लोणच्याच्या कैरीला मीठ लावून पाणी काढतो, तेच तत्त्व.

दुसरा हात रेंदेराचा

माडावर चढून सूर काढणाऱ्याला गोव्यात ‘रेंदेर’ म्हणतात. माडाची कोवळी पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, घट्ट बांधून त्याचं टोक धारदार कोयत्यानं पातळ तासायचं. थेंब थेंब रस खाली लावलेल्या मडक्यात गोळा होतो. सकाळी उतरवायचा, संध्याकाळी उतरवायचा आणि दुपारी पुन्हा तासायला चढायचं. दिवसातून तीन खेपा आणि असे कितीतरी माड! पाऊस असो, वारा असो, खाडा चालत नाही.

ही सूर ताजी असते तेव्हा गोड. काही तासांत फसफसते. पूर्वी पोदेर तिच्यावरच पावाचं पीठ फुगवत. इडलीसारखे गोवेकरांचे सान्नांही तिच्यावरच फुगत. तीच सूर मडक्यात हवा लागेल अशी काही आठवडे ठेवली की तिचं व्हिनेगर होतं. रंगाला किंचित धुरकट, चवीला आंबट पण मऊ, शेवटी हलकासा गोडवा.

दुकानात स्वस्तात मिळणारं पांढरं व्हिनेगर म्हणजे बहुतेक वेळा पाण्यात पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड. आंबट तेही असतं, पण ते जिभेला टोचतं. रेंदेराची मुलं आता माडावर चढत नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? एकदा हात सुटला की संपलं. परिणाम असा, की आंटींना वर्षाचं व्हिनेगर आधीपासून सांगून ठेवावं लागतं. यंदा त्यांना चार बाटल्यांऐवजी दोनच मिळाल्या.

आंटींची मूठ आणि आमचा तराजू

आंटींचं वय शहात्तर. घर मोठं, कौलारू, पुढे व्हरांडा. आणि राहणार त्या एकट्या. मुलगी इंग्लंडमधल्या स्विंडनला. गोव्याची बरीच कुटुंबं तिथे स्थायिक झाली आहेत. दर मे महिन्यात आंटी पाच किलो मांसाचा चोरीस घालत असत. यंदा पहिल्यांदाच दोन किलोचा घालणार होत्या. “खायला कोण?” हे त्या सहज म्हणाल्या, पण आम्ही दोघंही गप्प झालो.

मुलीचा फोनवरून एकच धोशा होता. चोरीस पाठवता येत नाही. मांसाचे पदार्थ इथून तिकडे नेण्यावर बंदी आहे. तेव्हा मम्मी, निदान कृती तरी लिहून दे. आता आंटींची कृती कुठे लिहिलेली? ती त्यांच्या मुठीत. मीठ किती? मूठभर. मिरच्या? ओंजळभर. व्हिनेगर? “बुडता इतलें.” म्हणजे बुडेल इतकं!

मग आमच्या ह्यांनी म्हापशाहून स्वयंपाकघरातला छोटा तराजू आणला. आंटी प्रथम खूप हसल्या. “वजन कितें तें? हात सांगता गो!” पण ठरलं असं, की त्यांनी मूठ भरायची, ती आधी तराजूत रिकामी करायची, मी वहीत आकडा मांडायचा आणि मगच ती भांड्यात जायची. एकदा खड्या मिठाची मूठ भरली, तर ५५ ग्रॅम. पुन्हा भरायला लावली, तर ५४! बासष्ट वर्षं हे काम करणारा हात होता तो. चौदाव्या वर्षी त्या आईच्या शेजारी बसून शिकल्या होत्या.

शनिवारी मांसाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. खिमा नाही करायचा. खिम्याचा चोरीस चिकट होतो. तीन भाग मांस, एक भाग चरबी. मीठ चोळून, वर पाट आणि पाटावर वरवंटा ठेवून रात्रभर दाबलं. रविवारी सकाळी सुटलेलं पाणी ओतून टाकलं आणि आंटी मासला जाऊन आल्यावर तुकडे जाळीखाली उन्हात ठेवले. दुपारी मसाला वाटला. मिरच्या, लसूण, आलं, हळद, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, सगळं व्हिनेगरमध्ये. पाण्याचा थेंब नाही. पाणी गेलं की टिकाऊपणा गेला. वरून काजूच्या फेणीचा एक छोटा पेला. हे सगळं चिनी मातीच्या बरणीत तीन दिवस. रोज लाकडी चमच्यानं खालीवर करायचं.

बुधवारी भरणी. मीठ, लिंबू आणि भरपूर पाण्यानं स्वच्छ केलेल्या नळ्या, एक नरसाळं, दोऱ्याचं रीळ. मी नरसाळं धरलं, आंटी भरत गेल्या, हे दोरा आवळत गेले. संध्याकाळी चुलीवरच्या काठीला तीन माळा लटकल्या. पुढे चार-पाच दिवस दिवसा ऊन, रात्री चुलीची धग. आम्ही निघालो तेव्हा त्या अजून वाळतच होत्या.

तिसरा हात पोदेराचा

पहाटे साडेपाचला गल्लीत “पों पों” वाजतं. सायकलवर मोठी टोपली, त्यावर प्लास्टिकचं आच्छादन, हँडलला रबरी भोंगा. हा पोदेर! दुपारी चारनंतर त्याची दुसरी फेरी. पोर्तुगीज ‘पादेरु’चा झाला पोदेर आणि ‘पांव’चा आपला पाव. साष्टीतल्या माजोर्ड्याच्या बाजूला पाद्र्यांनी पहिल्यांदा स्थानिक लोकांना हे काम शिकवलं, असं सांगतात. पुढे हे पाववाले मुंबईपर्यंत गेले.

टोपलीत किती प्रकार! मऊ चौकोनी पाव, कडक कवचाचा उंडो, कात्रीनं कापल्यासारखा काटरो, बांगडीसारखं कांकण आणि कोंड्याची, पोकळ, चवदार पोयी. आंटींच्या शेजारची भट्टी मातीची आणि चिऱ्याची, घुमटासारखी. आत लाकडं पेटवायची, घुमट तापला की निखारे बाजूला ओढायचे आणि लांब फळीनं पाव थेट तापल्या जमिनीवर सोडायचे. खालून कडक आणि वरून फुगलेला पाव होतो तो यामुळेच. आता कित्येक भट्ट्यांवर बाहेरच्या प्रांतांतून आलेली मुलं काम करतात. लाकूड महाग, रात्रीची झोप नाही आणि गिऱ्हाईक पैशाला घासाघीस करणारं. घरचं पुढचं माणूस यायला तयार नसतं.

याच भट्टीत आम्ही खाल्लेला सर्वांत चविष्ट पदार्थ भाजला गेला.

चीज कुठून आलं?

पोर्तुगालमध्ये कच्च्या पिठातच शोरीसुचे तुकडे भरून पाव भाजतात. गोव्यात तयार पाव चिरून त्यात शिजवलेला चोरीस भरायची पद्धत जास्त, पण पिठात भरून भाजलेले पावही बेकऱ्यांत मिळतात. आंटी त्याचेच लिंबाएवढे छोटे पाव करतात. लग्नघरात आणि नाताळात गोव्यात क्रोकेत, रिसॉइस असे एका घासाचे पदार्थ तबकातून फिरवतात. त्या तबकात हे पावही शोभतात.

चीजची भर मात्र नातवंडांची. सुट्टीला आली की चोरीस हवा, पण तिखट सोसवत नाही. आंटींनी एकदा सारणावर किसलेलं चीज घातलं आणि तबक क्षणात रिकामं झालं. यात नुसते लाड नाहीत. मिरचीचा तिखटपणा पाण्यानं जात नाही, कारण तो पाण्यात नीट विरघळत नाही; पण दुधातली स्निग्धता आणि केसिन नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं. चोरीसच्या आंबटपणालाही चीज गोलाई देतं. यासाठी भारी परदेशी चीज नको. आपलं साधं डब्यातलं किंवा चौकोनी वड्यांचं प्रोसेस्ड चीज बरं. ते वितळताना तेल सोडत नाही.

आंटींकडे टेबलावरची छोटी विजेची भट्टी आहे. पण त्यांची पसंती शेजारच्या भट्टीला. संध्याकाळचे पाव निघाले, भट्टीची धग जरा उतरली, की पोदेर त्यांचा पत्रा आत सरकवतो. पंधरा मिनिटांनी बाहेर आलेल्या पावांचं वर्णन काय करावं! वरून बदामी, फोडल्यावर आत लाल तेल मुरलेला पाव, चीजची तार आणि मग ती आंबट-तिखट चव. पोदेरानं दोन उचलले, भट्टीवरच्या मुलांनी चार. तेच त्याचं भाडं!

आपल्या घरी करायचे तर

वहीतले आकडे शहरातल्या स्वयंपाकघरासाठी बेतून घेतले आहेत. शहरात उन्हाचा आणि चुलीचा भरवसा नाही, म्हणून इथे वाळवण नाही. हा ताजा चोरीस फ्रिजमध्येच मुरवायचा आणि वेळेत शिजवायचा.

चोरीसचं सारण: डुकराचं मांस पाऊण किलो आणि चरबी पाव किलो, बारीक तुकडे करून. मीठ २० ग्रॅम. मीठ चमच्यानं मोजू नका. खडे मीठ आणि बारीक मीठ यांच्या एकाच चमच्याचं वजन वेगळं भरतं. काश्मिरी मिरच्या २५ (बिया काढून), लसणीचा एक गड्डा, आल्याचा दोन पेरांएवढा तुकडा, हळद, जिरं आणि मिरी प्रत्येकी एक चमचा, लवंगा ८, दालचिनीचे दोन तुकडे, माडाचं व्हिनेगर एक वाटी. ते न मिळालं तर उसाचं किंवा सफरचंदाचं चालेल. मसाला व्हिनेगरमध्ये बारीक वाटून मांसाला चोळा. काचेच्या झाकणाच्या भांड्यात, फ्रिजमध्ये दोन दिवस. रोज एकदा हलवा. तिसऱ्या दिवशी लागेल तेवढं शिजवा. उरलेलं फ्रीजरमध्ये ठेवा.

या पावांसाठी त्यातलं ३०० ग्रॅम घ्या. दोन कांदे बारीक चिरून परता, मांस घाला, पाऊण वाटी पाणी घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं शिजवा. मांस पूर्ण शिजलंच पाहिजे, यात तडजोड नको. एक उकडलेला बटाटा कुस्करून घाला, पाणी आटवा. सारण कोरडं आणि पूर्ण गार हवं; ओलं राहिलं तर पाव तळाला फुटतात.

पावाचं पीठ: मैदा ५०० ग्रॅम, कोरडं यीस्ट ७ ग्रॅम, साखर एक मोठा चमचा, मीठ १० ग्रॅम, कोमट पाणी सुमारे ३०० मिली, तेल दोन मोठे चमचे. दहा मिनिटं चांगलं मळा. ओल्या फडक्याखाली दुप्पट होईपर्यंत ठेवा. उन्हाळ्यात तास पुरतो, थंडीत दोन लागतात.

पिठाचे २० गोळे करा. प्रत्येकाची पारी करून मध्ये चमचाभर सारण आणि त्यावर किसलेलं चीज ठेवा. सगळ्यांना मिळून १५० ग्रॅम चीज लागेल. पुरणाचा उंडा भरतो तसं तोंड बंद करून सांधा खाली येईल असे तेल लावलेल्या पत्र्यावर मांडा. अर्धा तास फुगू द्या. वरून दूध लावा. २०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या भट्टीत १५ ते १८ मिनिटं भाजा. गरमच वाढा.

डुकराचं मांस न खाणाऱ्यांनी हाच मसाला कोंबडीच्या मांडीच्या तुकड्यांना लावावा. तिला एक रात्र मुरणं पुरे आणि २० मिनिटांत शिजते. शाकाहारी मंडळींनी भिजवून घट्ट पिळलेले सोयाचे गोळे किंवा परतलेले मश्रूम घ्यावेत. चव अर्थात वेगळी येईल, पण मसाला आणि चीज यांची जोडी तिथेही जमते.

गोव्याहून येताना

म्हापशाहून एखादी माळ आणणार असाल तर ती वर्तमानपत्रात गुंडाळून मग डब्यात ठेवा, म्हणजे घाम धरत नाही. आणि प्रवास लांबचा असेल तर पूर्ण वाळलेलीच घ्या. त्याबरोबर माडाच्या व्हिनेगरची एक बाटली आणि किलोभर खडे मीठ घ्यायला विसरू नका. ते विकत घेणारं कुणी आहे, एवढ्यावरच मिठागरातला माणूस पुढच्या हंगामात पुन्हा पाण्यात उतरतो आणि रेंदेर पुन्हा माडावर चढतो.

आंटींची वही आता स्विंडनला पोचली आहे. ऊन नाही, रेंदेर नाही, पोदेर नाही; तरी लेकीनं ५५ ग्रॅम मीठ तोलून पहिला चोरीस फ्रिजमध्ये मुरत घातल्याचा फोन आला. आंटींना विचारलं, जमेल का हो तिला? म्हणाल्या, “पयलें वजन, मागीर हात.” आधी वजन, मग हात आपोआप शिकतो.

आपल्याही घरात कुणाच्या तरी मुठीत असं एखादं माप असेलच. भाजणीचं, गोडा मसाल्याचं, कैरीच्या लोणच्याचं. या सुट्टीत त्यांच्याशेजारी तराजू आणि वही घेऊन बसा.